फ्री जॅझचा कॉम्प्युटरवर अभ्यास: कुठून सुरू करायचं आणि नेमकं काय मोजायचं

फ्री जॅझ, म्हणजे आधीपासून ठरलेल्या कॉर्डच्या साखळीशिवाय वाजवलेलं जॅझ, पहिल्यांदा ऐकणारे बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात, हे सगळे एकाच वेळी आपापलं वाजवत सुटलेत का? आणि ज्याला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येते त्याचा लगेच पुढचा प्रश्न येतो, की यात काही नियम असेल तर तो कॉम्प्युटरला शोधायला लावता येईल का. येईल. पण बरेच जण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात, आधी सूर ओळखायला जातात, कुठला स्वर, कुठली स्केल, कुठला कॉर्ड, आणि महिन्याभरात हाताला काहीच लागत नाही म्हणून सोडून देतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या संगीतातली शिस्त स्वरांत कमी आणि कोण कुणाला कधी उत्तर देतो, कधी मुद्दाम देत नाही, यात जास्त असते. त्यामुळे मोजायचं तेही तेच. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

लागणार काय तर बऱ्यापैकी हेडफोन, साधा लॅपटॉप, पायथनची तोंडओळख आणि एक वही. वाद्य वाजवता यायलाच हवं असं नाही. वही मात्र खरंच घ्या.

पायरी १: एकच रेकॉर्डिंग निवडा आणि त्यालाच धरून बसा

शंभर अल्बम डाउनलोड करून डेटासेट बनवायचा मोह होतो, तो टाळा. एकच घ्या, आणि माझं ऐकाल तर ऑर्नेट कोलमनचं 'फ्री जॅझ' घ्या, ज्याच्या नावावरून या सगळ्या प्रकाराला नाव पडलं. २१ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झालं, अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने १९६१ मध्ये काढलं, साधारण ३७ मिनिटं सलग वाजवलंय. आठ वादक आहेत आणि ते दोन चौकड्यांत वाटलेत. डाव्या कानात कोलमनचा आल्टो सॅक्सोफोन, डॉन चेरीचा छोटा ट्रम्पेट, स्कॉट लाफॅरो बासवर, बिली हिगिन्स ड्रम्सवर. उजव्या कानात एरिक डॉल्फी बास क्लॅरिनेट घेऊन, फ्रेडी हबर्ड ट्रम्पेट, चार्ली हेडन बास आणि एड ब्लॅकवेल ड्रम्स.

आता हे आपल्यासाठी सोन्यासारखं का आहे ते बघा. एरवी एका रेकॉर्डिंगमधून वादक वेगळे करायचे म्हणजे केवढा खटाटोप असतो, आवाज वेगळे करणारी सॉफ्टवेअर्स आहेत पण ती मुख्यतः गायक, ड्रम्स, बास अशा पॉप गाण्यांवर शिकलेली असतात, दोन ट्रम्पेट आणि दोन ड्रम्स दिले की ती गोंधळतात. इथे मात्र रेकॉर्डिंग करणाऱ्यांनीच १९६० मध्ये अर्धं काम करून ठेवलंय. डावा चॅनल एक गट, उजवा चॅनल दुसरा गट. दोन गट एकमेकांशी कसे बोलतात हे तुम्ही घरी बसून मोजू शकता.

त्याच दिवशी वाजवलेला साधारण १७ मिनिटांचा पहिला टेक, म्हणजे रेकॉर्डिंगचा पहिला प्रयत्न, तोसुद्धा नंतर प्रसिद्ध झाला. तो आत्ता बाजूला ठेवा, नंतर फार कामाला येतो.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'असेन्शन' आधी घेऊ नका. जून १९६५ चं, अकरा वादक, आवाजाची इतकी दाट भिंत आहे की नवशिक्याला मोजणार काय तेच कळत नाही. दुसरं रेकॉर्डिंग हवंच असेल तर कोल्ट्रेन आणि ड्रमर रशीद अली या दोघांनीच फेब्रुवारी १९६७ मध्ये वाजवलेलं 'इंटरस्टेलर स्पेस' घ्या, एक सॅक्सोफोन आणि एक ड्रम्स, बास नाही, पियानो नाही, थोडा वेळ वाजणारे घुंगरासारखे बेल्स सोडले तर तिसरं काही नाही.

फाइल सीडीवरून काढलेली किंवा विकत घेतलेली, न दाबलेली (अनकॉम्प्रेस्ड) घ्या. स्टीरिओ वेव्ह फाइल साधारण ३९० एमबीची होईल. एमपीथ्रीमध्ये जागा वाचवताना डावं-उजवं एकत्र करून साठवायची युक्ती बऱ्याचदा वापरलेली असते आणि आपला सगळा डोलारा तर त्या डाव्या-उजव्यावरच उभा आहे. आणि हो, हे रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं आहे, तुमचं काम नेटवर टाकाल तेव्हा वेळांच्या नोंदी आणि आकडे टाका, ऑडिओ टाकू नका.

पायरी २: आधी कान, मग कोड

तीनदा ऐका. एकदा पूर्ण, एकदा फक्त डावा हेडफोन लावून, एकदा फक्त उजवा. तिन्ही वेळा वही समोर हवी, मिनिट-सेकंद लिहायचे आणि पुढे जे वाटलं ते आपल्या शब्दात, 'इथे सगळे एकदम थांबले', 'इथे ट्रम्पेटने मागून टोचलं', असं काहीही चालेल.

आपल्यापैकी ज्यांचा कान ख्यालावर तयार झालाय त्यांना एक अडचण येते, आपण नकळत समेची वाट बघत राहतो. इथे सम नाही. पण ठेका नाही असंही नाही, आणि फ्री म्हणजे काहीही कसंही हा गैरसमज इथेच गळून पडतो, कारण या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही ड्रमर आणि दोन्ही बास बराच वेळ पक्की चाल धरून असतात. सोलोही ओळीने येतात, डॉल्फी, हबर्ड, कोलमन, चेरी, मग दोन बास, मग दोन ड्रम्स, आणि मधेमधे सगळ्या फुंकायच्या वाद्यांनी मिळून वाजवलेले आधी ठरवलेले तुकडे आहेत. सुटका कशापासून आहे तर आधीपासून ठरलेल्या कॉर्डच्या साखळीपासून. ठेक्यापासूनची सुटका ऐकायची असेल तर सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरच्या त्रिकुटात सनी मरे ड्रम्स कसे वाजवतो ते ऐका, जुलै १९६४ चं 'स्पिरिच्युअल युनिटी', तिथे मोजायला मात्रा सापडत नाहीत, नुसती लाट येते आणि जाते.

आलापाशी तुलना सगळेच करतात, मीही केली. थोडी उपयोगाची आहे, ठेक्याशिवाय वेळ कसा ताणला जातो हे आपल्या कानाला आधीच माहीत असतं. पण आलापात राग ठरलेला असतो आणि मुख्य आवाज एकच असतो, तंबोरा आणि सारंगी किंवा पेटी त्याच्या मागे. कोलमनच्या रेकॉर्डिंगमध्ये एकाचा सोलो चालू असताना बाकीचे फुंकणारे वाटेल तेव्हा मधे येतात, टोकतात, दुजोरा देतात, विषय बदलतात. साथ म्हणावी तर साथ नाही, जुगलबंदी म्हणावी तर तीही नाही. गच्चीवर आठ जण गप्पा मारत बसलेत आणि एक जण गोष्ट सांगतोय, असं काहीसं.

पायरी ३: खुणा करा, आणि दुसऱ्या कुणाला तरी करायला लावा

सॉनिक व्हिज्युअलायझर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीत बनलेलं. ऑडिओ उघडायचा, वेळेच्या खुणांचा एक थर जोडायचा, आणि वाजत असताना कळ दाबली की त्या क्षणाला खूण पडते. नंतर प्रत्येक खुणेला नाव द्यायचं. ऑडॅसिटीतही लेबल लावता येतात, जे हाताला बसेल ते घ्या.

पण खुणा कशाच्या करायच्या? इथे पहिलं फॉर्मल मॉडेल कामाला येतं. जेफ प्रेसिंग नावाचा संगीतकार आणि मानसशास्त्रज्ञ होता, ऑस्ट्रेलियात काम करायचा, त्याने १९८० च्या दशकात इम्प्रोव्हायझेशनचं, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवण्याचं, एक मॉडेल मांडलं. सोप्या भाषेत असं की वाजवणारा घटनांचे गुच्छ एकामागून एक तयार करतो, आणि प्रत्येक नवा गुच्छ करताना त्याच्यापुढे दोन रस्ते असतात, एक म्हणजे आधीच्याशी नातं ठेवायचं, मग ते सारखेपणाचं असेल नाहीतर विरोधाचं, आणि दुसरा म्हणजे आधीचं सोडून एकदम नवीन काहीतरी सुरू करायचं. म्हणजे आपल्याला तीन लेबलं मिळाली: चालू ठेवलं, उलट केलं, तोडलं. मूळ मॉडेल यापेक्षा बरंच बारीक आहे पण सुरुवातीला एवढं पुरतं.

तीन मिनिटांचाच तुकडा घ्या. सगळी ३७ मिनिटं करायला जाल तर हात आणि कान दोन्ही थकतात आणि विसाव्या मिनिटाच्या खुणांना पहिल्या मिनिटाच्या खुणांचा अर्थ राहत नाही. मग तोच तुकडा दुसऱ्या एका माणसाला द्या, तुमच्या खुणा न दाखवता. दोघांचं किती जुळतंय ते कोहेनचा कप्पा नावाच्या आकड्याने मोजतात, निव्वळ योगायोगाने जेवढं जुळलं असतं ते वजा करून उरलेलं जुळणं तो सांगतो, पायथनमध्ये एका ओळीचं काम आहे.

मी हे तबला शिकलेल्या एका मित्राबरोबर केलं आणि आमचं बरंच जुळलं, पण एका प्रकारच्या जागी सतत फाटत होतं. एखादा वादक दोन-तीन सेकंद गप्प बसला की मी तिथे खूणच करत नव्हतो, कारण काही वाजलंच नव्हतं, आणि मित्र तिथे ठळकपणे 'तोडलं' लिहीत होता. बराच वेळ वाद झाला. शेवटी तो म्हणाला, "अरे, तिहाई संपल्यावरची रिकामी मात्रा तू मोजत नाहीस का?" तेव्हापासून मी 'गप्प बसला' हे चौथं लेबल ठेवतो, आणि पुढच्या प्रत्येक मॉडेलमध्ये शांततेला स्वतःचं चिन्ह देतो. तुम्हीही द्या, हे विसरलं की पुढचं सगळं लंगडं होतं.

पायरी ४: आकडे काढणं

पायथनमध्ये लिब्रोसा नावाची लायब्ररी आहे, ती बसवा. लॅपटॉपवर भांडणं होत असतील तर गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच पायथन चालवता येतं तिथे, करा, त्यात वेळ घालवू नका.

आता एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा असं समजून वाचा: लिब्रोसा फाइल उघडताना, तुम्ही काही सांगितलं नाही तर, दोन्ही चॅनल मिसळून मोनो करून देते आणि सॅम्पल रेटही, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली तेही, २२,०५० वर आणते. एरर येत नाही, सूचना येत नाही. माझे सुरुवातीचे दोन आठवड्यांचे सगळे आलेख या मिसळलेल्या आवाजावर काढलेले होते, आणि मी त्यात डावं-उजवं शोधत होतो. मोनो नको हे स्पष्ट सांगायचं आणि लोड झाल्यावर अॅरेच्या दोन ओळी आल्यात का ते छापून बघायचं, मगच पुढे.

मग प्रत्येक चॅनलसाठी चार गोष्टी काढा. आवाजाची ताकद, म्हणजे आरएमएस. घनता, म्हणजे सेकंदाला किती नवे आघात सुरू झाले. चमक, म्हणजे स्पेक्ट्रल सेंट्रॉइड, आवाजाचं वजन खालच्या फ्रिक्वेन्सीत आहे की वरच्या. आणि खरखर, म्हणजे स्पेक्ट्रल फ्लॅटनेस, आवाज सुरासारखा आहे की हवेच्या फुत्कारासारखा.

यात स्वर कुठे गेले? मुद्दामच नाहीत. स्वर शोधणारे प्रोग्राम असं धरून चालतात की एका वेळी एकच स्वच्छ सूर वाजतोय, आणि जिथे ते खरं असतं तिथे ते छान चालतात, आयआयटी मुंबईत हिंदुस्थानी गायनाच्या रेकॉर्डिंगमधून गायकाच्या सुराची रेषा काढून तिच्यावर बरंच काम झालंय, तिथेसुद्धा साथीच्या वाद्यांमधून ती रेषा सोडवणं हेच अवघड काम आहे. इथे तर सॅक्सोफोन मुद्दाम जोरात फुंकून एकाच वेळी दोन-तीन सूर काढतात, किंचाळल्यासारखा आवाज काढतात, आणि वर तीन वाद्यं वाजत असतात. प्रोग्राम तरीही तुम्हाला आकडा देणारच, अष्टक चुकलेला, उड्या मारणारा. त्यावर मॉडेल बांधलं तर ते त्या प्रोग्रामच्या चुकांचं मॉडेल होतं.

ठेका शोधणाऱ्या फंक्शनचंही तसंच आहे. लिब्रोसाचा बीट ट्रॅकर सुरुवातीचा अंदाज मिनिटाला १२० धरून निघतो, त्यामुळे जिथे पक्का ठेका नाही तिथेही तो त्याच्या आसपासचं काहीतरी उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देतो. सनी मरेच्या ड्रम्सवर तो आकडा आला तर त्याला अर्थ नाही. ट्रॅकरने सांगितलेल्या जागी टिकटिक टाकून ती ऑडिओबरोबर ऐका, दहा सेकंदांत कळतं.

पायरी ५: स्वतःशीच तुलना

आता बघायचं की रेकॉर्डिंगमधला कुठला क्षण दुसऱ्या कुठल्या क्षणासारखा आहे. यासाठी स्वसाम्याचा तक्ता काढतात, आडवी बाजू वेळ, उभी बाजूही वेळ, आणि प्रत्येक चौकोनात त्या दोन क्षणांचं साम्य. जोनाथन फूटने १९९९ मध्ये संगीतासाठी ही कल्पना आणली आणि पुढच्याच वर्षी त्याच तक्त्यावरून बदलाच्या जागा शोधायची रीत दिली. तक्त्याच्या कर्णावरून एक छोटी बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट सरकवत न्यायची, जिथे अलीकडचं आपसात सारखं, पलीकडचं आपसात सारखं, पण दोन्ही एकमेकांपासून वेगळं, तिथे शिखर येतं.

इथे नवीन माणसाचा लॅपटॉप हमखास अडकतो. लिब्रोसाच्या नेहमीच्या मापाने सेकंदाला ४३ फ्रेम, म्हणजे मोजायचे छोटे तुकडे, पडतात, ३७ मिनिटांच्या साधारण ९५ हजार, आणि ९५ हजार गुणिले ९५ हजारचा तक्ता म्हणजे ३६ जीबीच्या आसपास मेमरी. त्यामुळे आधी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाची सरासरी घ्या, फ्रेम साडेचार हजारांच्या आत येतात आणि तक्ता ८० एमबीत बसतो. तशीही अर्ध्या सेकंदाहून बारीक माहिती या पायरीला नकोच आहे.

मग शिखरं तुमच्या वहीतल्या आणि पायरी ३ च्या खुणांशी ताडून बघा, तीन सेकंद इकडेतिकडे चालतील. सगळ्यांनी मिळून वाजवायचे ठरलेले तुकडे चांगले पकडले जातात, सोलो बदलतो तेही बऱ्यापैकी. मशीनला न दिसलेली पण तुम्हाला ऐकू आलेली जागा सापडली की तिथे थांबा, पुन्हा पुन्हा ऐका. माझ्या अनुभवात अशा जागी बहुतेकदा आवाजाचा पोत तोच असतो, फक्त बोलणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल झालेली असते. आणि ती कुठल्याच सरासरीत दिसत नाही, त्यासाठी पुढची पायरी.

पायरी ६: डावं उजव्याला काय म्हणतंय

सगळ्या कामातली ही माझी सर्वात आवडती पायरी, घाई करू नका.

डाव्या चॅनलची घनता ही एक रेषा, उजव्याची दुसरी. एक रेषा थोडीथोडी पुढेमागे सरकवून दोघी कधी सर्वात जास्त जुळतात ते बघायचं, दहा सेकंद मागेपासून दहा सेकंद पुढेपर्यंत. समजा डावी रेषा दोन सेकंद उशिरा सरकवली की जास्त जुळते, तर त्याचा अर्थ डावीकडे जे होतं तसंच काहीतरी दोन सेकंदांनी उजवीकडे होतं. ऐकायला सोपं, पण यात तीन खड्डे आहेत.

पहिला, झिरप. एका बाजूच्या माइकमध्ये दुसऱ्या बाजूचा आवाज शिरला असेल तर तो जुळणारच, ते काही उत्तर नव्हे. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे खोलीतल्या खोलीत झिरपलेला आवाज शून्याच्या जवळ, फार तर तीस-चाळीस मिलिसेकंदांत दिसतो. माणसाला नुसता आवाज ऐकून बोट हलवायला दीडशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात, आणि एखादा फ्रेज, म्हणजे संगीतातलं छोटं वाक्य, ऐकून त्याला उत्तर द्यायला त्याहून बराच जास्त वेळ. त्यामुळे शून्यापाशी उंच टेकाड दिसलं तर हुरळून जाऊ नका, मूळ ऑडिओवर ते तपासा.

दुसरा, सामाईक ठेका आणि सामाईक चढउतार. दोन्ही ड्रमर एकाच चालीत असतील तर आघात जुळणारच. आणि सगळा गट मिळून तापत गेला तरी दोन्ही रेषा एकत्र वर जातात. म्हणून अर्ध्या सेकंदाच्या सरासऱ्या वापरा आणि प्रत्येक रेषेतून तिची स्वतःची वीस सेकंदांची सरकती सरासरी वजा करा. उरतं ते क्षणाक्षणाचं हलणं.

तिसरा खड्डा सर्वात फसवा. कुठल्याही दोन वळवळणाऱ्या रेषा सरकवत राहिलात तर कुठे ना कुठे त्या छान जुळतातच. खरं काय ते कळायला खोटा डेटा बनवावा लागतो. उजवी रेषा तीस सेकंदांपेक्षा जास्त कितीतरी, मनाला येईल तेवढी सरकवा, शेवटचा भाग सुरुवातीला जोडा, आणि पुन्हा तेच मोजा, सर्वात मोठं जुळणं किती आलं ते लिहा. असं हजार वेळा. या हजार खोट्या रेकॉर्डिंगमध्ये दोन बाजू एकमेकींना ऐकतच नव्हत्या. तुमचं खरं जुळणं यातल्या ९५० पेक्षा मोठं असेल तरच त्याबद्दल बोला, नाहीतर काही सापडलं नाही असं लिहा, तेही कामच आहे.

आणि ३७ मिनिटांचा एकच आकडा काढू नका. मिनिटामिनिटाच्या खिडक्या करा, कारण नेतृत्व बदलत राहतं. डॉल्फीचा सोलो चालू आहे तेव्हा बोलणारी बाजू उजवी आहे, कोलमन आणि चेरीच्या वेळी डावी. मग तो बाजूला ठेवलेला १७ मिनिटांचा टेक काढा आणि सगळं पुन्हा करा. तीच माणसं, तोच दिवस. दोन्हीकडे जे सारखं निघतं त्याला या आठ जणांची सवय म्हणता येईल, आणि जे फक्त एकीकडे निघतं ते त्या क्षणाचं.

पायरी ७: मॉडेल

मोजून झालं, आता बनवायचं. ताकद-घनता-चमक-खरखर यांवरून अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यांचे सात-आठ गट पाडा, सारखे तुकडे एकत्र करणाऱ्या के-मीन्स या पद्धतीने होतं, आणि प्रत्येक गटाला एक अक्षर द्या. क म्हणजे झपाट्याची धाव, ख म्हणजे लांब धरलेला सूर, ग म्हणजे शांतता, घ म्हणजे खरखर, असं. समजा एका वादकाची ओळ निघाली: क ख ग क ख घ.

सर्वात सोपं मार्कोव्ह मॉडेल. कशानंतर काय आलं ते मोजायचं. क नंतर दोन्ही वेळा ख, ख नंतर एकदा ग आणि एकदा घ, म्हणजे पुढे अर्धी-अर्धी शक्यता. फ्रान्स्वा पाशेने सोनीच्या पॅरिसमधल्या लॅबमध्ये २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत कंटिन्युएटर नावाचं सॉफ्टवेअर बनवलं ते याच घराण्यातलं, पियानोवर तुम्ही वाजवता आणि थांबलात की ते तुमच्या शैलीत पुढे नेतं.

त्यापुढचं फॅक्टर ओरॅकल. १९९९ मध्ये मजकुरात शब्द शोधण्यासाठी निघालेली रचना, आणि पॅरिसच्या इर्कॅम या संगीत संशोधन संस्थेत जेरार असायाग, श्लोमो डुबनोव, मार्क शमिलिए यांनी ती उचलून ओमॅक्स या इम्प्रोव्हायझेशनच्या सॉफ्टवेअरच्या पोटात घातली. कागदावर एकदा करून बघा, वरचीच ओळ घ्या. सहा अक्षरांना शून्य ते सहा अशा सात जागा. प्रत्येक अक्षर एका जागेवरून पुढच्या जागेवर नेतं. आणि प्रत्येक जागेवरून मागे जाणारा एक दुवा असतो, तो सांगतो की इथपर्यंत जे आलं त्याची शेपटी याआधी कुठे वाजली होती. पाचव्या जागेवर आपण नुकतंच क ख वाजवलंय, ते आधी दुसऱ्या जागेवर संपलं होतं, म्हणून पाचवरून दुवा दोनवर. आता वाजवणाऱ्या मशीनने पाचवर पोचल्यावर सरळ घ कडे जाण्याऐवजी दुव्यावरून दोनवर उडी मारली तर पुढे ग येतो, म्हणजे शांतता. सांधा जाणवत नाही कारण दोन्ही जागांची पार्श्वभूमी एकच होती, पण ओळ नवीन झाली. ओळ वाढत जाते तशी ही रचनाही एकेक अक्षराने वाढवता येते, आधीचं मोडावं लागत नाही, म्हणून मैफल चालू असताना वापरता येते.

पण या दोन्हींत एक उणीव आहे आणि ती आपल्या मूळ मुद्द्याची आहे. दोन्ही एकाच माणसाची ओळ शिकतात. तयार डेटा शोधायला गेलात तरी हेच होतं, जर्मनीतल्या वायमारचा जॅझ डेटाबेस आहे, हाताने उतरवून तपासलेले ४५६ सोलो, फुकट, एसक्यूलाइट फाइलमध्ये, त्यात कोलमनचेही आहेत. अप्रतिम काम, जरूर उतरवून घ्या. पण त्यात सोलो आहे, सोलोच्या मागे बाकीच्यांनी काय टोकलं ते स्वरांत उतरवलेलं नाही.

दुसऱ्या टोकाला जॉर्ज लुइसचं व्हॉयेजर आहे. लुइस ट्रॉम्बोन वाजवतो, शिकागोच्या एएसीएम या १९६५ मध्ये सुरू झालेल्या वादकांच्या संघटनेतला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने हे सॉफ्टवेअर बनवलं आणि नंतर वाढवत नेलं. त्यात ६४ स्वतंत्र आवाज आहेत, दर पाच ते सात सेकंदांनी त्यांचे नवे गट पडतात, ते समोरच्या माणसाचं ऐकतं, आणि ऐकलेलं वापरायचं की नाही हे स्वतः ठरवतं. समोर कुणीच नसलं तरी वाजवत राहतं. मला यातलं सर्वात मोलाचं वाटतं ते हे दुर्लक्ष करायचं स्वातंत्र्य. प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्या माणसाशी किती वेळ बोलणार?

गणिताची आवड असेल तर क्लेमां कानोन आणि निकोला गार्निए यांचं २०११ चं सामूहिक फ्री इम्प्रोव्हायझेशनचं मॉडेल वाचा, त्यात सगळ्या वादकांच्या हालचाली एकमेकांत गुंतलेली एक गतिमान व्यवस्था म्हणून मांडल्यात. आधी काहीच ठरलेलं नसताना इतके जण एकत्र कुठल्या वळणावर कसे पोचतात, हा त्यातला प्रश्न.

पायरी ८: स्वतःचा छोटा वादक

थेट मैफलीत लावायच्या आधी घरी चाचणी घ्या. डावा चॅनल मशीनला ऐकवा, उजवा बंद ठेवा, आणि मशीनने उजव्याच्या जागी अक्षरं काढावीत. ओरॅकल उजव्याच्याच पहिल्या वीस मिनिटांवर शिकवा आणि उरलेल्या भागावर चालवा. चार आकडे तुमच्या हातात ठेवा: चालू ठेवायची शक्यता, उलट करायची, तोडायची, आणि दुर्लक्ष करायची. मशीनचं उत्तर आणि खरा उजवा चॅनल यांची अक्षरं जुळतील अशी अपेक्षा धरू नका, तेच वादक पुन्हा बसले असते तरी जुळली नसती, पहिला टेक त्याचा पुरावा आहे. जुळायला हवं ते पायरी ६ चं मोजमाप, उत्तराला लागणारा वेळ आणि गप्प बसण्याचं प्रमाण.

हे जमलं की प्युअर डेटा किंवा सुपरकोलायडर या आवाज तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट वाजवणारं बनवा, दोन्ही फुकट आहेत. आणि शेवटची परीक्षा माणसाबरोबर. वाजवणाऱ्याला सांगायचं की मशीन कधी तुझं ऐकेल, कधी त्याला गुपचूप दुसऱ्याच दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकवलं जाईल, ते तुझं ऐकत नाही असं वाटलं की पायाने पेडल दाब. पेडलच्या वेळा आपोआप नोंदवा आणि अदलाबदल कधी करायची ते प्रोग्रामला ठरवू द्या, तुम्हालाही माहीत नको.

माझ्याबरोबर बसला तो दुसरा एक मित्र, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, फ्री जॅझ त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. सुरुवातीला दोनदा चुकीच्या वेळी दाबलं, मग एकेक करत बरोबर यायला लागलं. नंतर विचारलं की कशावरून कळलं, सूर जुळेना म्हणून का, तर म्हणाला, सुरांचं काय, ते आधीही कुठे जुळत होते, पण मी श्वास घ्यायला थांबलो की आधी ते पण थांबायचं, आणि नंतर थांबेनासं झालं.